आत्याची परसबाग

दिवाळी अंकात प्रवासवर्णन द्यायचे म्हणजे लेखकाने निदान काश्मीर तरी पाहिलेले असावे, आणि आल्प्सवर पाऊल ठेवलेले असले तर सोन्याहून पिवळे, असा एक अलिखित संकेत आहे. मी ज्या प्रवासाची हकिगत सांगणार आहे तो नांदेड ते लातूर, सुमारे एकशे चाळीस किलोमीटरांचा. वाटेत लोहा लागते, माळाकोळी लागते, मग अहमदपूर, शिरूर ताजबंद आणि चाकूर. यांपैकी एकाही गावी उतरून कुणी छायाचित्र काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. २०१६ सालच्या उन्हाळ्यात हा प्रवास मी चार वेळा केला, एस.टी.ने, आणि दर वेळी माझ्या पायांशी वीस-वीस लिटरांचे दोन कॅन होते. त्यांत पाणी होते.

त्या साली गुढीपाडवा ८ एप्रिलला आला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. परीक्षेचे पेपर तपासायला घ्यायचे ते तसेच ठेवून मी सकाळची गाडी धरली. चाळीस किलोचे ओझे उचलण्याची सवय मराठीच्या प्राध्यापकाला नसते. शब्दकोशाचे खंड उचलतो तेवढाच आमचा व्यायाम. कंडक्टरने माझी तारांबळ पाहिली आणि विचारले, "सर, यात काय आहे?"

"पाणी."

"लातूरला?"

"हो."

तो क्षणभर कॅनकडे पाहत उभा राहिला. "तेल-तूप असतं तर लगेज लावलं असतं. याला काय लावू?" असे म्हणत त्याने स्वतःच वाकून दोन्ही कॅन आसनाखाली सरकवले. त्याचे घर औशाकडचे आहे, हे अहमदपूर येईपर्यंत कळले.

नांदेड सोडले की गोदावरी मागे पडते आणि रस्ता बालाघाटाच्या पठारावर चढू लागतो. एरवी या दिवसांत तुरी-हरभरा निघून गेलेली रिकामी रानेही काळीभोर आणि नांगरलेली दिसतात. त्या वर्षी ती राखेसारखी दिसत होती. कडुनिंब तेवढे फुललेले. दुष्काळ असो की सुकाळ, चैत्रात फुलायचे हे त्याचे व्रत आहे. समोरून येणारे टँकर मी मोजू लागलो आणि चाकूरच्या अलीकडे मोजणे सोडून दिले.

लातूरचे जुने नाव लत्तलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे अधिपती म्हणवून घेत, हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असतो. त्या एप्रिलात या श्रेष्ठ नगरात पहाटेपासून घागरींच्या रांगा लागत होत्या. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले. शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण आटले. विंधनविहिरी सातशे-आठशे फूट खाली जाऊन धूळ ओकू लागल्या. उसाने किती पाणी प्यायले याचा वाद तेव्हाही होता. माझ्या मते तो वाद अजून लातूरकरांनी स्वतःशी पुरता घातलेला नाही. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. दंग्यासाठी लावत ते कलम पाण्याच्या टाकीपाशी लागलेले पाहायला मिळेल, असे स्वप्नातही वाटले नव्हते.

आत्याचे घर गंजगोलाईपासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. गंजगोलाई म्हणजे लातूरचे हृदय. मधोमध जगदंबेचे देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटलेले सोळा रस्ते. त्यांतल्या एका रस्त्याने गेले की जुन्या वस्तीत आत्याचा वाडा लागतो. वाडा म्हणायची आमची पद्धत. आता तीन खोल्या आणि मागे परस उरले आहे. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामाच म्हणत असू, त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. मुलगा पुण्याला असतो. "ये इकडे, निदान पाऊस पडेपर्यंत," असे तो दर आठवड्याला फोनवर सांगे, आणि "झाडं कुणावर टाकून येऊ?" असे ती दर आठवड्याला विचारी.

हे परस बारा फूट रुंद आणि चाळीसेक फूट लांब. मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ. भिंतीलगत जास्वंद, मोगऱ्याची चार झुडुपे, कढीपत्ता, शेवग्याचे एक उंच झाड, कोपऱ्यात सीताफळ. मध्ये तुळशीवृंदावन. त्यापलीकडे प्राजक्त, आणि अगदी शेवटी कागदी लिंबू. या लिंबाला इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मामा कित्येक महिने छपराखाली झोपायला तयार नव्हते. परसात खाट टाकून पडत. रात्री झोप येत नसे तेव्हा परसात काय काय लावता येईल याचा विचार करीत. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी हे रोप लावले आणि मग हळूहळू घरात झोपू लागले.

मी पोहोचलो तेव्हा केळ गेलेली होती. अळूची जागा नुसती ओळखू येत होती. मोरीच्या पाण्यावर जगणारी ही मंडळी. मोरीतच पाणी येईना तर ती कशी जगणार? लिंबाची पाने मात्र गुंडाळल्यासारखी झाली होती आणि बुंध्याशी सुपारीएवढी पिवळी फळे गळून पडली होती. ते पाहून मला कसेसेच झाले.

दुपारी चारच्या सुमारास आत्या आत पडली होती. मी एक कॅन उचलला, परसात गेलो आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतला. काळी माती उन्हात आकसते. तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या होत्या. गडगड असा आवाज झाला आणि वीस लिटर पाणी अर्ध्या मिनिटात नाहीसे झाले. वरची माती धड ओलीसुद्धा झाली नाही. रिकामा कॅन हातात धरून मी मान वर केली. कुंपणापलीकडे शेजारची दहा-अकरा वर्षांची मुलगी कडेवर रिकामी कळशी घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. नुसती भेगांकडे पाहत होती.

पाण्याच्या आवाजाने आत्या उठून आली. "काय करलालास रे हे?" एवढेच म्हणाली. (आम्ही नांदेडकर 'करायलास' म्हणतो, लातूरकर 'करलालास' म्हणतात, या फरकावर मी एक निबंध लिहिला आहे, पण तो त्या क्षणी आठवला नाही.) मग तिने दुसरा कॅन ओढत कुंपणापाशी नेला आणि मुलीला म्हणाली, "आईला बोलाव. प्यायचं आहे म्हणावं, जपून न्या." नांदेडहून आणलेले चाळीस लिटर पाणी असे पाच मिनिटांत संपले. आत्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

रात्री भाकरी वाढताना तिने विषय काढला. तिच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी येई आणि घरटी दोनशे लिटर पाणी मिळे. घरात एक माणूस असो की आठ, माप तेच. कित्येकांच्या घरी पिंपाला कुलूप होते. आत्या आपल्या दोनशेतले ऐंशी लिटर शेजारच्या सहा माणसांच्या घरी देई. तरीही टँकरच्या रांगेत एक बाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती, की गावाला प्यायला नाही आणि यांच्याकडे बागा भिजताहेत.

"मी तिथं काही बोलले नाही," आत्या म्हणाली. "घरी आले आणि विचार केला, की बाई म्हणते ते खोटं कसं म्हणू? म्हणून मग मी नेम केला. चांगलं पाणी एक थेंब झाडाला घालायचं नाही. माणसाच्या एका तरी कामाला आलेलं पाणी मग झाडाचं. आणि तू आज सगळ्या गल्लीसमोर माझा नेम मोडलास."

मी मान खाली घातली. मग तिने, रागातच, मला बागकाम शिकवले. ते मी जसेच्या तसे सांगतो, कारण बागकामाच्या सचित्र पुस्तकांत 'नियमित पाणी द्यावे' या पलीकडे फारसे काही सापडत नाही.

पहिली गोष्ट, पाणी घालण्याआधी भेगा बुजवायच्या. खुरप्याने वरची चार बोटे माती भुसभुशीत करायची, म्हणजे भेगा मिटतात आणि खालची ओल वर येऊन उडून जात नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आमच्याकडचे शेतकरी म्हणतात ते याचसाठी. त्यावर पालापाचोळा, उसाचे पाचट, जुनी पोती, जे मिळेल ते चार-सहा बोटे जाड पसरायचे. पाणी द्यायचे ते रात्री, आणि बुंध्याशी नव्हे तर पानांचा घेर जिथे संपतो तिथे. झाडाची पिणारी मुळे तिथे असतात. माझे वीस लिटर दुपारच्या उन्हात, भेगेत आणि बुंध्याशी, अशा तिन्ही अंगांनी फुकट गेले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे उष्ट्या पाण्याची व्यवस्था. आत्या मोठ्या घमेल्यात पाट ठेवून त्यावर बसून अंघोळ करी. ते सहा-सात लिटर पाणी जमे. भांडी ती पावडरने घासायची सोडून पुन्हा राखेने घासू लागली होती, कारण साबणाचे पाणी सारखे पडले की माती बिघडते. कपड्यांचे पाणी संडासात. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला, तेही पाळीपाळीने. कुंड्या होत्या त्या सगळ्या जिन्याखाली सावलीत एकमेकींना खेटून ठेवल्या होत्या. गर्दीत बसलेल्या माणसांना जसे ऊन कमी लागते, तसेच कुंड्यांचेही आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. कुणाला सोडायचे हे ठरवणे. शेवगा, सीताफळ आणि कढीपत्ता यांना काही द्यायचे नाही. ती कोरड्या रानातली जात, आपले आपण बघतील. शेवंतीचे सगळे वाफे सोडले, एका कुंडीत चार मुनवे राखले. प्राजक्त आणि लिंबू दोन्ही जगणार नाहीत, तेव्हा प्राजक्त सोडला. हे सांगताना ती ताटातली भाकरी मोडत होती. प्राजक्त तिने स्वतः लावलेला होता, लिंबू मामांचे.

दुसऱ्या खेपेला, एप्रिलच्या अखेरीस, मी लातूरची ती सुप्रसिद्ध पाण्याची रेल्वे पाहिली. मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे आली होती, दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. राजस्थानात कोटा येथील कारखान्यात या वाघिणी वाफेने धुऊन काढल्या होत्या. आठवड्याभराने पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. 'जलदूत' असे तिचे नाव. साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून आलेले ते पाणी उतरवताना लोक कठड्याला टेकून तासन् तास पाहत उभे राहत. बोलत कुणी नव्हते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नुसता नमस्कार केला. गाडीला की कृष्णेला, कोण जाणे.

आत्याला मी म्हटले, "आता तरी थोडं सैल सोड. रेल्वे आली."

"बाहत्तरचा दुष्काळ आम्ही पाहिलाय," ती म्हणाली. "तेव्हा खायला नव्हतं, परदेशातला लाल मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. पण आडात पाणी होतं. आता दुकानात सगळं आहे आणि आडात दगड. दुसऱ्याच्या नदीचं पाणी येलालंय, ते का झाडाला घालायचं?"

त्याच संध्याकाळी तिने मला लिंबू छाटायला लावले. पाने जितकी जास्त तितके झाड पाणी जास्त उडवते, तेव्हा निम्म्याहून अधिक फांद्या उतरवायच्या. झाडावर थोडा बहर शिल्लक होता. मी म्हणालो, फुले आहेत त्या फांद्या राहू दे. तिने माझ्या हातातली कोयती घेतली आणि पहिली घातली ती फुलांच्या फांदीवर. सगळे परस त्या वासाने भरून गेले. उघड्या पडलेल्या खोडाला उन्हाने भाजू नये म्हणून आम्ही दाट चुना फासला. झाल्यावर ते झाड देवळाबाहेर बसलेल्या जोगड्यासारखे दिसू लागले. ती रात्रभर नीट झोपली नसावी. पहाटे मला परसातला दिवा लागलेला दिसला.

९ मे रोजी अक्षय्य तृतीया होती. कॉलेजला सुट्टी लागलेली, म्हणून या खेपेला मी आठवडाभर राहायच्या तयारीने गेलो. आखितीला आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याने भरलेले मातीचे घट पुजतात आणि एक दान देतात. आत्याने कुंभाराकडून दोन घट आणले होते, बिनरंगाचे, कच्च्या लाल भाजणीचे. मी आणलेल्या कॅनमधले पाणी तिने गाळून दोन्हींत भरले, वाळा टाकला, पूजा केली. एक घट शेजारी दिला. दुसरा उचलून ती परसात निघाली.

लिंबाच्या घेराशी तिने मला खड्डा घ्यायला सांगितला. गळ्यापर्यंत घट पुरला, भोवती माती दाबली, तोंडावर वाटी ठेवली.

मी म्हणालो, "आत्या, हे चांगलं पाणी आहे."

"हे त्यांच्या वाट्याचं," ती म्हणाली. "त्यांनी कुणाला द्यावं ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

मातीच्या घटाची ही युक्ती फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी कृषिग्रंथात खरबुजाच्या आळ्यात घट पुरून पाणी द्यावे असे सांगितलेले आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतही ही रीत चालते. घटाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, आणि गंमत अशी की भोवतालची माती कोरडी असेल तितके अधिक झिरपते, ओली झाली की आपोआप कमी होते. पुढच्या भरणीला चांगले पाणी नव्हते. भाजी धुतलेले पाणी रात्रभर निवळू देऊन, दुहेरी फडक्यातून गाळून ती घटात ओती. गढूळ पाण्याने छिद्रे बुजतात.

त्या आठवड्यात तिने आणखी एक केले. टँकरच्या दिवशी त्या बोलणाऱ्या बाईला हात धरून परसात आणले आणि म्हणाली, "बघा, कोणतं पाणी घालते ते." बाईने घमेले पाहिले, पाचट पाहिले, चुना फासलेले लिंबू पाहिले, वाळून कोळ झालेला प्राजक्त पाहिला. मग पदर खोचून विचारले, "राखेनं घासलेल्या भांड्याचं पाणी चालतं का हो कढीपत्त्याला?" तिच्याही दारात एक कढीपत्ता मरायला टेकलेला होता.

नांदेडची स्थिती बरी होती अशातला भाग नाही. विष्णुपुरीचे पाणी रोज उतरत होते आणि आमच्या नळाला तीन-तीन दिवस पाणी येत नसे. मी घरी येऊन घमेल्यातल्या अंघोळीचा प्रस्ताव मांडला. आमच्या सौभाग्यवतींनी तो एकमताने फेटाळला, मुलांनी हौसेने उचलून धरला. आमच्या गॅलरीतली दोन मोगऱ्याची झाडे त्या घमेल्यावर जगली, एवढे नमूद करून तो विषय संपवतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. पाण्याची रेल्वे ऑगस्टपर्यंत चालून थांबली आणि सप्टेंबरअखेर असा काही पाऊस कोसळला, की कोरडे ठणठणीत मांजरा धरण भरून वाहू लागले. चौथी खेप मी जुलैत केली. तेव्हा कॅनची गरज उरली नव्हती; तरी नेले, सवयीने. लिंबाला खोडातून तांबूस पालवी फुटली होती. मोगऱ्याच्या चारांपैकी दोन जागच्या जागी गेले होते. प्राजक्त आत्याने उभाच ठेवला होता. त्यावर तिने कारल्याचा वेल चढवला.

आता या गोष्टीला बरीच वर्षे झाली. मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो तेव्हा आत्या म्हणाली, तो लिंबाखालचा घट झिरपत नाही, काढून नवा बस. मी माती उकरली. घट दिसला, पण हलेना. लिंबाची केसासारखी तांबूस मुळे त्याच्याभोवती जाळ्यासारखी इतकी घट्ट विणली गेली होती, की मातीचे भांडे कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होते हे कळत नव्हते. तडा गेलेला एक तुकडा बोटाने हलवून पाहिला; तोही सुटेना.

आत्या वाकून पाहत होती. "राहू दे," म्हणाली. "दुसरा खड्डा पलीकडे घे."

निघताना तिने पिशवीत लिंबे भरून दिली, चाळीसेक असतील. बसस्टँडवर पिशवी हातात रुतू लागली तेव्हा मी ती कंडक्टरच्या आसनामागे ठेवली. तो म्हणाला, "सर, लगेज लागेल हां." मी पैसे दिले.